दिवसाची वांटणी

श्रोतेहो, बुलढाणा हें गांव ज्या रेखांशावर वसलें आहे, तेथील सूर्य आपल्या भिंतीवरील घड्याळाच्या सुमारें २५ मिनिटें मागें चालतो. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावरून धरलेली. आमचें गांव त्याच्या पश्चिमेस सव्वासहा अंशांहून किंचित् अधिक. आणि दर अंशास चार मिनिटें हा हिशेब शाळेंतल्या भूगोलाचाच आहे. जुन्या मोजणींत २४ मिनिटांची एक घटिका होई. तेव्हां असें म्हणावयास हरकत नाहीं कीं, प्रमाणवेळेचें घड्याळ आमच्या घरीं आलें त्या दिवसापासून आम्ही बुलढाणेकर रोज एक घटिका आधीं उठत आलों, एक घटिका आधीं जेवत आलों, आणि ही गोष्ट आमच्या ध्यानींही आली नाहीं. दिवसाची वांटणी मनुष्य स्वतःच्या इच्छेनें करतो अशी आपली समजूत असते. वस्तुतः ती वांटणी पुष्कळ अंशीं आपल्या आधींच कोणीतरी करून ठेविलेली असते. ती आमच्या भागांत कशी बदलत गेली, आणि तिच्यांत स्वतः, उद्योग व कुटुंब या तिघांच्या पदरीं काय पडलें, हें आज थोडक्यांत सांगण्याचा विचार आहे.

हा विषय मला ग्रंथांवरून सुचला नाहीं. छत्तीस वर्षें मीं शिक्षकाचें काम केलें. दर जून महिन्यांत शाळेचें वेळापत्रक आंखण्याचें काम बहुधा माझ्याकडे येई, आणि कोणत्या वर्गाला कोणता तास द्यावा ह्याची मला इतकी संवय जडली होती कीं, सेवानिवृत्त झाल्यावर पहिल्याच आठवड्यांत मीं एका पुठ्ठ्यावर स्वतःचीच दिनचर्या आंखली. तीन रकाने पाडले : स्वतःसाठीं, कामासाठीं व घरासाठीं. पहाटे पांचाला उठून फिरावयास जाणें, सहाला स्नान, नंतर वाचन, आठाला न्याहारी. पुढें शेताची देखरेख व शेजारच्या मुलांना गणित शिकविणें. संध्याकाळचा एक तास घरच्या मंडळींशीं बोलणें. वेळापत्रक मोठें देखणें झालें होतें. चौथ्या दिवशीं आमच्या घरांतील मंडळींना थंडी वाजून ताप आला आणि त्या बारा दिवस अंथरुणावर होत्या. पहिल्याच सकाळीं सहा वाजतां स्नानाचें पाणी तापलेलें नव्हतें. आठाला न्याहारी नव्हती. वाचनाच्या तासांत मी भाकरी थापण्याची खटपट करीत होतों, आणि गणिताच्या तासाला आलेलीं मुलें ओट्यावर बसून माझी गंमत पाहत होतीं. तीन दिवसांत माझ्या पुठ्ठ्यावरील एकही रकाना उभा राहिला नाहीं. ताप उतरल्यावर त्यांनीं तो पुठ्ठा हातांत घेऊन नीट वाचला व एवढेंच म्हटलें, “अहो, ह्यांत पाणी कोण तापवतं तें लिहायचं राहिलं वाटतं.”

दिनचर्येचीं वर्णनें मीं आजवर पुष्कळ वाचलीं होतीं. परंतु पाणी कोणीं तापविलें हा प्रश्न हातांत घेऊन वाचलीं नव्हतीं. त्या वाक्यानंतर मीं तीं पुन्हा वाचावयास काढलीं.

आरंभ जुन्या काळापासून करूं. घड्याळ येण्यापूर्वी अहोरात्रीच्या ६० घटिका होत, प्रत्येक घटिकेचीं ६० पळें, आणि अहोरात्रीचे आठ प्रहर. घटिका मोजण्याचें साधन म्हणजे घटिकापात्र : बुडाशीं बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडावयाची, ती पाण्यानें भरून बुडाली कीं एक घटिका झाली. लग्नाचा मुहूर्त साधण्याकरितां हें पात्र मांडीत. पण शेतकऱ्याला त्याची गरज फार थोडी पडे. त्याच्या वेळांचीं नांवेंच पाहा ना : रामप्रहर, न्याहारीची वेळ, दिवेलागण, निजानीज. ह्यांतील बहुतेक नांवें कामावरून पडलेलीं आहेत. वखरणी, पेरणी, डवरणी, पऱ्हाटीची वेचणी, ज्वारीची सोंगणी हीं कामें ऋतु सांगेल तेव्हां करावयाचीं. आणि बैल थकले कीं मनुष्यालाही झाडाखालीं बसावयास मिळे. स्वतः, उद्योग व कुटुंब असे तीन निराळे कप्पे त्या दिवसाला नव्हते. बाप, लेक, सुना व सालदार एकाच धुऱ्यावर बसून भाकर खात.

हें चित्र रम्य आहे खरें, परंतु तें अर्धेंच आहे. ह्या दिवसाचा आरंभ रात्रीच्या शेवटच्या प्रहरीं जात्यावर होत असे, आणि जात्यापाशीं बसणारी नेहमीं स्त्री असे. खटल्याच्या घरांत रोजचें ज्वारीचें दळण म्हणजे थोडेंथोडकें काम नव्हे. पुरुष उठून आंगणांत येई तेव्हां तिचे दोन-तीन तास खर्चीं पडलेले असत, आणि रात्रीं पुरुष निजल्यावर तिचीं भांडीं होत. तरीही मनुष्याचा जीव असा विलक्षण आहे कीं, त्या जात्यावरच तिनें स्वतःसाठीं थोडी जागा करून घेतली. महाराष्ट्रांतील हजारों ओव्या जात्यावर जन्मल्या. आमच्या मलकापूरच्या पलीकडे खानदेशांत आसोदें येथें जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) ह्यांना अक्षरओळख नव्हती. शेतांत, चुलीपाशीं व जात्यावर काम करीत असतां त्यांनीं गाणीं रचलीं. त्यांचे चिरंजीव सोपानदेव व त्यांचे मावसबंधु ह्यांनीं तीं लिहून ठेविलीं, म्हणून १९५२ सालीं आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह तीं महाराष्ट्रापुढें आलीं. त्यांच्या दिवसाला स्वतःचा रकाना नव्हता; कामाच्या रकान्यांतूनच त्यांनीं तो काढला. ज्यांना असा काढतां आला नाहीं त्यांची संख्या कोणीं मोजलेली नाहीं.

आतां ग्रंथांकडे वळूं. आपल्याकडे दिनचर्येचें शास्त्र फार जुनें आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयांत सूत्रस्थानाचा दुसरा अध्यायच ‘दिनचर्या’ नांवाचा आहे. गणेश कृष्ण गर्दे यांच्या ‘सार्थ वाग्भटा’मुळें तो मराठी घरांतून परिचित झाला. ब्राह्ममुहूर्तावर उठणें, दंतधावन, अंजन, अभ्यंग, निम्मी शक्ति खर्च होईल इतकाच व्यायाम, स्नान, हा क्रम सर्वांना ठाऊक आहे. परंतु पुष्कळ वाचक येथेंच पुस्तक मिटतात. पुढें त्याच अध्यायांत ग्रंथकार शरीराची गोष्ट सोडून वागणुकीकडे वळतो : दीनांस साहाय्य करावें, वेळ पाहून, थोडें व गोड बोलावें, एकट्यानेंच सुख भोगूं नये. आणि शेवटीं तो सांगतो कीं, माझे दिवस आणि रात्री कशा जात आहेत ह्याचें जो नित्य स्मरण ठेवितो त्याला दुःख गांठीत नाहीं. म्हणजे दिनचर्या ही केवळ स्वतःच्या प्रकृतीची जोपासना नसून ती इतरांशीं वागण्याचीही रीत आहे, हें वैद्यकाच्या ग्रंथानेंच सांगून ठेविलें आहे.

समर्थ रामदासांनीं दासबोधाच्या अकराव्या दशकांत गृहस्थाच्या दिवसाचा आराखडा दिला आहे : पहाटे उठून पाठांतर, मग शौच, स्नान, पूजा, त्यानंतर संसाराचा धंदा आणि गोड शब्दांनीं सर्वांना राजी राखणें, ज्याचा जो व्यवसाय असेल तेथें सावधपण, भोजनोत्तर वाचन व चर्चा. ब्रह्मचारी असून समर्थांनीं प्रपंचाचा तास कापला नाहीं, ही गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. तथापि ह्या दोन्ही ठिकाणीं आमचा प्रश्न उभाच राहतो. अभ्यंगाचें तेल, स्नानाचें पाणी, पूजेचीं उपकरणीं, भोजनाचें ताट हीं सारीं आपोआप पुढें येतात असें धरून हे आराखडे केलेले आहेत.

मराठी इतिहासांत एका थोर व्यक्तीची दिनचर्या तासावारी नोंदलेली आहे, ती पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर यांची. सर जॉन माल्कम यानें मध्य हिंदुस्थानावरील आपल्या १८२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांत, अहिल्याबाईंना प्रत्यक्ष पाहिलेल्या लोकांकडून चौकशी करून ती दिली आहे. सूर्योदयापूर्वी एक तास उठून स्नान-पूजा. नंतर पुराणश्रवण, दानधर्म व ब्राह्मणभोजन. मग स्वतःचें साधें भोजन, पुन्हा प्रार्थना व अल्प विश्रांति. दुपारीं २ वाजतां दरबारांत येत त्या संध्याकाळीं ६ पर्यंत. पुढें दोन-तीन तास पूजा व थोडा आहार. रात्रीं ९ ला पुन्हा राज्याचें काम सुरू होई तें ११ पर्यंत चाले. सुमारें अठ्ठावीस वर्षें, म्हणजे १७६७ पासून १७९५ पर्यंत, माळव्याचा कारभार अशा रीतीनें चालला.

राज्याचें काम रोज सहा तास, उपासनेचे कांहीं तास, आणि आहार-विश्रांति बेताची. असा हा दिवस कोणत्याही नीतिपाठांत उदाहरणादाखल द्यावा असा आहे, आणि मीं तो वर्गांत अनेकदां सांगितलाही. ह्या वेळीं वाचतांना मात्र एक गोष्ट प्रथमच डोळ्यांत भरली. ह्या दिनचर्येंत कुटुंबाचा तास नाहीं. तो नसावयाचें कारणही इतिहासांतच आहे. पति खंडेराव १७५४ मध्यें कुंभेरीच्या वेढ्यांत पडले; सासरे मल्हारराव १७६६ मध्यें गेले; पुत्र मालेराव १७६७ मध्यें गेला; १७९१ मध्यें जांवई यशवंतराव फणसे वारले आणि कन्या मुक्ताबाई, आईनें केलेली विनवणी न मानतां, सती गेली. ज्या दिनचर्येला आपण समतोल म्हणून नमस्कार करतों तिच्यांतला एक रकाना दैवानें पुसून टाकलेला होता, आणि बाईंनीं त्याच्या जागीं रयतेला घेतलें. ज्याच्या घरांत माणसें नांदत आहेत त्यानें हा नमुना जसाच्या तसा उचलणें योग्य होणार नाहीं.

आतां घड्याळाकडे येऊं. आमच्या भागांत घड्याळ आलें तें कापसाच्या पाठीवर बसून. अमेरिकेंत १८६१ ते १८६५ पर्यंत यादवी युद्ध चाललें, तेथील कापूस विलायतेस पोंचेना, आणि वऱ्हाडच्या कापसाला एकाएकीं सोन्याचें मोल आलें. ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीची आगगाडी मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगांव अशी वाट धरून १८६७ सालीं नागपुरास पोंचली. जलंबपासून खामगांवापर्यंत आठ मैलांचा फांटा खास कापसासाठीं घालण्यांत आला. तो १८७० सालीं खुला झाला आणि त्या समारंभास व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आला होता. खामगांव व जळगांव हे तालुके त्या वेळीं अकोला जिल्ह्यांत होते. ते १९०५ सालीं बुलढाण्यास जोडले गेले.

आगगाडी कोणासाठीं थांबत नाहीं, ही म्हण आपल्या बोलण्यांत तेव्हांपासूनचीच असावी. देशांतील आगगाड्या मद्रासच्या वेळेनें चालत, आणि ती वेळ आमच्या सूर्याच्या सोळा-सतरा मिनिटें पुढें असे. १ जानेवारी १९०६ पासून हल्लींची प्रमाणवेळ आली. दुसऱ्या महायुद्धांत, १९४२ ते १९४५ पर्यंत, घड्याळें आणखी एक तास पुढें होतीं. त्या वर्षांत बुलढाण्याचें घड्याळ सूर्याच्या जवळजवळ दीड तास पुढें धांवत होतें. शाळा, कचेऱ्या व बाजार त्या वेळेनें चालले. जात्यावर बसणाऱ्या बाईला घड्याळ तासभर पुढें केल्याचा अर्थ एवढाच, कीं तिनें आणखी अंधारांत उठावें.

आगगाडीमागून सरकी काढण्याचे व गाठी बांधण्याचे कारखाने आले. खामगांव, मलकापूर, शेगांव, नांदुरा येथें त्यांचीं धुराडीं उभीं राहिलीं. दिवाळीनंतर कापूस येऊं लागला कीं कारखान्याचा भोंगा वाजे आणि सबंध वस्तीचा दिवस त्या भोंग्याला बांधला जाई. सरकीच्या यंत्रांत कापूस घालण्याचें काम मुख्यतः बायकांचें. हिंदुस्थानांत कारखान्यांचा पहिला कायदा १८८१ सालीं झाला. परंतु वर्षांतून चार महिन्यांहून अधिक न चालणारे कारखाने त्यानें वगळले होते, म्हणजे नेमके असलेच हंगामी कारखाने मोकळे राहिले. १९०८ सालीं प्रसिद्ध झालेल्या कामगार-आयोगाच्या अहवालांत अशा कारखान्यांतून गर्दीच्या दिवसांत सतरा-अठरा तास काम चालत असल्याची नोंद आहे. चोविसांतून अठरा वजा केले तर सहा उरतात. त्यांत स्वयंपाक, लेकरूं, झोंप आणि घरून कारखान्यापर्यंतची पायपीट, सर्व आलें. अशा मनुष्याला समतोल दिनचर्येवर व्याख्यान देणारा वक्ता त्याच्या दृष्टीनें वेडाच ठरेल.

श्रोतेहो, म्हणूनच दिवसाच्या वांटणीचा खरा इतिहास नीतिग्रंथांइतकाच कायद्यांच्या पुस्तकांत आणि चळवळींच्या हकिगतींत शोधावा लागतो. मुंबईंत नारायण मेघाजी लोखंडे (१८४८–१८९७) यांनीं, महात्मा फुले यांचे अनुयायी व ‘दीनबंधु’ पत्राचे चालक या नात्यानें, गिरणी कामगारांची संघटना बांधली. आठवड्यास एक दिवस सुट्टी असावी ही त्यांची साधी मागणी होती. रविवार हा खंडोबाचा वार, तो कुलदैवताला व घराला द्यावा, अशी मांडणी त्यांनीं केली. २४ एप्रिल १८९० रोजीं सुमारें दहा हजार कामगारांची सभा भरली, तींत दोन स्त्री-कामगारांनींही भाषणें केलीं. आणि १० जून १८९० पासून गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली. आज रविवारीं उशिरां उठून वर्तमानपत्र चाळणाऱ्या आपणांपैकीं कितीजणांना हें नांव आठवत असेल?

पुढें कायदा हळूहळू सरकत गेला. १८९१ सालीं स्त्रियांच्या कामाला ११ तासांची मर्यादा पडली. १९११ सालीं हंगामी कारखाने कक्षेंत आले. १९१९ सालीं आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेनें आठ तासांचा दिवस व ४८ तासांचा आठवडा हें तत्त्व ठरविलें, पण हिंदुस्थानापुरती ६० तासांची सवलत ठेविली. त्याप्रमाणें १९२२ च्या कायद्यानें दिवसाला ११ व आठवड्याला ६० तास ठरले. १९३४ सालीं बारमाही कारखान्यांना १० तास मिळाले, परंतु हंगामी कारखाने ११ तासांवरच राहिले. वऱ्हाडच्या सरकी कारखान्यांतल्या बाईला इतरांइतकाच, म्हणजे दिवसाला ९ व आठवड्याला ४८ तासांचा नियम लागू व्हावयास १९४८ चा कायदा यावा लागला. १८८१ पासून मोजलें तर सदुसष्ट वर्षें झालीं. दिवसांतले चार-सहा तास परत मिळवावयास तीन पिढ्या लागल्या, हें आपल्या लक्षांत असूं द्यावें.

कारखान्याचे तास कायद्यानें कमी केले. घरांतल्या तासांना मात्र भोंगाही नव्हता आणि कायदाही नव्हता. तेथील हकीकत बायकांनींच लिहून ठेविली म्हणून कळते. रमाबाई रानडे यांचें ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ हें पुस्तक १९१० सालीं निघालें. १८७३ सालीं अकराव्या वर्षीं लग्न होऊन त्या न्यायमूर्तींच्या घरीं आल्या. पति शिकविण्यास उत्सुक, आणि घरांतल्या वडील स्त्रियांना तें शिकणें नापसंत. म्हणून दिवसा सर्वांचीं कामें व बोलणीं सोसून अभ्यास वेगळा चोरून करावयाचा, असा तो काळ होता. न्यायमूर्तींसारखा समंजस पुरुष पाठीशीं असूनही स्वतःसाठीं एक तास मिळविणें एवढें कठीण होतें.

ह्या सर्व इतिहासांत मला एकच वेळापत्रक असें आढळलें, ज्यांत पाणी कोण तापवितो हें लिहिलेलें असे. तें महात्मा गांधींच्या आश्रमांतलें. साबरमतीस पहाटे चाराला घंटा, मग प्रार्थना, आणि रात्रीं नवाला निजण्याची घंटा. मधल्या वेळांत अंगमेहनत, शिक्षण, जेवण व विश्रांति यांचे तास ठरलेले. १९३६ पासून हीच रीत आमच्या विदर्भांत, वर्ध्याजवळ सेवाग्रामास आली. त्या वेळापत्रकाची शिस्त प्रसिद्ध आहे, पण तिच्याहून महत्त्वाची गोष्ट निराळी : दळण, स्वयंपाक, भांडीं, झाडलोट, पायखान्याची सफाई हीं सारीं तेथें कामाच्या रकान्यांत मांडलेलीं होतीं, आणि तीं पाळीपाळीनें सर्वांकडे येत, मग तो पदवीधर असो वा पुढारी. आश्रमाची राहणी गृहस्थाला झेपणारी नाहीं, हें मी जाणतों. परंतु वेळापत्रकांत काय लिहावें एवढें तरी तेथून शिकतां येईल.

कोणी म्हणेल, हा सगळा जुना इतिहास झाला. आतां गांवोगांव पिठाच्या गिरण्या आहेत, नळ आहेत, गॅस आहे. तें खरें आहे, आणि जात्यावरून सुटका ही गेल्या शतकांतील मोठ्या सुधारणांपैकीं एक मानिली पाहिजे. पण सुटलेले तास कोणाकडे गेले? भारत सरकारनें २०१९ सालीं सबंध देशांत लोकांचा वेळ कसा जातो ह्याची पाहणी केली. घरच्या बिनपगारी कामांत भाग घेणाऱ्या स्त्रियांचा रोजचा सरासरी वेळ २९९ मिनिटें आढळला, आणि पुरुषांचा ९७ मिनिटें. शिवाय अशा कामाला हात लावणाऱ्या स्त्रिया शंभरांत एक्यायशी, तर पुरुष सव्वीस. जुन्या मापांत सांगावयाचें तर तिच्या साडेबारा घटिका आणि त्याच्या चार. आणि त्या चारही चौघांपैकीं एकानेंच खर्च केलेल्या. हे आंकडे वाचून मीं माझ्या पुठ्ठ्याकडे पाहिलें तेव्हां मी उरलेल्या तिघांपैकीं होतों असें आढळून आलें.

मग समतोल दिनचर्या म्हणून कांहीं आहे कीं नाहीं? मला वाटतें, आहे. परंतु ती आंखण्याची आपली रीत बदलली पाहिजे. स्वतः, उद्योग व कुटुंब हे तीन रकाने एकट्यानें एकट्यासाठीं पाडले कीं तिसरा रकाना नेहमीं खोटा निघतो. कारण त्यांत आपण घरच्यांना देण्याचा वेळ लिहितों, घरच्यांकडून घेतलेला वेळ लिहीत नाहीं. जमा-खर्चाच्या वहींत नुसता खर्च लिहिणाऱ्या कारकुनाला कोणी शाबासकी देणार नाहीं. म्हणून घरांतील दिनचर्या घरांतल्या सर्वांनीं एकत्र बसून, प्रत्येकाच्या नांवाचा रकाना पाडून लिहावी. पाणी, भाकरी, दळण आणणें, वडीलधाऱ्यांचें औषध, मुलांचा अभ्यास हीं कामें प्रथम मांडावीं. मग ज्याच्या त्याच्या उद्योगाचे तास. आणि सर्वांत शेवटीं प्रत्येकाच्या रकान्यांत स्वतःचा एक तास राहतो कीं नाहीं तें पाहावें. ज्याच्या रकान्यांत तो राहत नसेल त्याच्या वांटणीचें काम दुसऱ्यानें उचलावें.

आमच्या घरीं हा प्रयोग होऊन आतां तीन वर्षें झालीं. नवा पुठ्ठा चार रकान्यांचा आहे : माझा, घरांतील मंडळींचा, मुलाचा व सूनबाईंचा. पहाटेचें पाणी व सकाळचा चहा माझ्या नांवावर आहेत. बाजारहाट मुलाकडे गेला. सूनबाई नोकरी करतात, त्यांच्या रकान्यांत एक तास मोकळा निघावयास दोनदां खाडाखोड करावी लागली. घरांतील मंडळींच्या रकान्यांत दुपारचा एक तास कोरा ठेविला. पहिले कांहीं महिने त्या त्या तासांत सवयीनें उठून कांहींतरी निवडीत-पाखडीत बसत. हल्लीं वाचनालयाचें पुस्तक घेऊन बसतात. भाकरी मला अजून गोल थापतां येत नाहीं, आणि संध्याकाळचीं भांडीं माझ्या रकान्यांत यावयाचीं आहेत; त्याबद्दल घरांत बोलणें चालू आहे.

श्रोतेहो, हें भाषण संपल्यावर एक कोरा कागद घ्या. उद्यां सकाळीं उठल्यापासून रात्रीं निजेपर्यंत आपल्या हातीं जें जें तयार येतें, त्याच्यापुढें तें तयार करणाऱ्याचें नांव आणि त्याला लागलेलीं मिनिटें लिहा. बेरीज करून तिला २४ नीं भागा, म्हणजे आपल्या दिवसांतल्या किती घटिका दुसऱ्याच्या आहेत तें कळेल. तो कागद मग घरच्यांना दाखवा, आणि दिवसाची वांटणी तेथून पुढें त्यांच्याबरोबर बसून करा.